डबल बेल

गाडी दारात धडधडत उभी होती आणि मामा तिच्यावर बसून समोर बघत होते. नुसतेच बघत होते.

टाकीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं होतं. हॅण्डलला झेंडूची माळ घातली होती, नारळ फुटला होता, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. पेढे खाऊन गल्ली मोकळी झाली होती. आता फक्त गाडी हलायची राहिली होती, आणि ती काही हलत नव्हती.

"बिघडली काय रं?" समोरच्या वसंतनानांनी पेढा गालात सारत विचारलं.

"नवी कोरी गाडी हाय नाना. बिघडतीया कशानं?" कुणीतरी म्हणालं.

"मग शामराव बिघडला आसंल."

मी वर गॅलरीत मिहिकाला कडेवर घेऊन उभी होते. मामांचं डोकं हेल्मेटमध्ये, डोळ्यांवर काळा गॉगल. माणूस जिवंत आहे की नाही हे वरून कळायला मार्ग नव्हता. "सुजित," मी खाली ओरडले, "मामांना विचार, छातीत दुखतंय का. डावा हात जड वाटतोय का विचार."

"होय की," असं म्हणून माझा नवरा दुसरा पेढा घ्यायला गेला.

इतक्यात आत्या पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. "अगं बया, बेल द्यायची ऱ्हायली की!" त्या गाडीमागं गेल्या आणि बोटातल्या अंगठीनं मामांच्या हेल्मेटवर दोनदा ठोकलं. टण, टण. मामांनी गिअर टाकला, लिंबू फचकन चिरडलं आणि गाडी गल्लीतून निघाली.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. सुजितचे ते आई आणि अण्णा. मामा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी बेलवर काढलेली. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. मागं कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचं लुगडं दारात अडकलं, हे बघणं ड्रायव्हरचं काम नव्हे. "फुडचं ड्रायव्हरनं बघायचं, मागचं कंडक्टरनं," हा त्यांचा धर्म होता. ताटावर बसल्यावर आत्यांनी वाटी दोनदा वाजवल्याशिवाय ते पहिला घास घेत नाहीत, असं सुजित सांगायचा. पण सुजित काहीही सांगतो.

निवृत्त झालेला माणूस काय करतो? देवळात जातो, गुडघ्याला तेल लावतो, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. मामांनी फंडाच्या पैशांतून क्रूझर आणली. त्या सबंध आष्टा गावात तसली मोटारसायकल नव्हती. लांबलचक, बुटकी, काळीभोर. टाकी रांजणासारखी फुगलेली, हॅण्डल खिलाऱ्या बैलाच्या शिंगांसारखं उघडलेलं. बसायचं म्हणजे पाय पुढं सोडून, पाठ मागं टाकून, घरच्या झोपाळ्यावर बसल्यासारखं. मागच्या सीटला तर पाठ टेकायला वेगळी गादी बसवून घेतली होती. आणि आवाज! ती सुरू झाली की आमच्या फडताळातली स्टीलची भांडी आपसांत बोलायला लागायची.

"म्हातारचळ, दुसरं काय," वसंतनाना कट्ट्यावर म्हणाले. मामांनी ते ऐकलं आणि खुशाल मान डोलावली. मला वाटलं, बघा, लाजही सोडली.

मला मात्र हसू येत नव्हतं. सोमवारपासून मी इस्लामपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला जाणार होते. एम.एस्सी. झाल्या झाल्या लग्न, लग्नापाठोपाठ मिहिका, आणि आता कुठं ही पहिली नोकरी. तासिका तत्त्वावर का असेना, नोकरी होती. मिहिका तेव्हा अडीच वर्षांची. मी नसताना तिला मामा-आत्यांनी सांभाळायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे मी ठरवलं होतं आणि सुजित 'होय की' म्हणाला होता.

आणि गाडी दारात आल्याच्या संध्याकाळी मामांनी जाहीर केलं, "चिमीला आता टाकीवर बसवून बालवाडीत सोडत जाईन. राणीवानी."

चिमी म्हणजे मिहिका. ते नाव मामांच्या जिभेवर कधी बसलं नाही.

मी सुजितला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला कळतंय का? ती टाकीवर बसणार म्हणजे तिचा गुरुत्वमध्य कुठं येतो? मामांनी नुसता जोरात ब्रेक दाबला तरी पोरगी सरळ पुढं फेकली जाईल."

"होय की."

"टाकी तापते. पायाला चटका बसेल. सायलेन्सर तर विचारूच नको. तिचं डोकं अजून पुरतं..."

"मग नको म्हण."

"तू म्हण! तुझे वडील आहेत."

"म्हणतो की," सुजित म्हणाला आणि खाली दुकानात पळाला. आमच्या घराच्या खालच्याच गाळ्यात त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. घरात काही अवघड झालं की त्याला तिथं गिऱ्हाईक येतं.

शेवटी मीच मामांच्या समोर जाऊन उभी राहिले. "मामा, राग मानू नका. पण तुम्ही आजवर बस चालवली. ही दोन चाकांची आहे. मला आधी तुम्ही चालवताना बघायचंय. लांबवर. तोवर मिहिका गाडीवर बसणार नाही. आणि मला खात्री नाही पटली तर मी सोमवारी कॉलेजात जाणार नाही. फोन करून नाही म्हणून सांगेन."

मला वाटलं मामा भडकतील. ते उलट ताठ झाले. एसटीत त्यांची म्हणे दर काही वर्षांनी परीक्षा व्हायची. साहेब शेजारी बसून बघायचा. "म्हंजी टेस्ट घेतीस? घे की. रविवारी गाडी तशीबी जोतिबाला न्यायची हाय, देवाला दाखवायला. तू मागनं ये. बग डोळं फाडून."

"मागं कोण बसणार?"

"मी," आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "अजून कोण बसतंय?"

रविवारी सकाळी वरात निघाली. पुढं क्रूझर, मागं सुजितच्या मित्राची जुनी व्हॅन. सुजित चालवत होता, मी शेजारी, मांडीवर मिहिका, आणि आम्हा दोघींना मिळून पट्टा. आत्यांनी हेल्मेट घालावं म्हणून मी आदल्या दिवशी डोकं फोडून घेतलं होतं. त्यांनी घातलं, पण डोक्यावर पदर नाही हे बरं दिसत नाही म्हणून त्यावरून पदर घेतला. मागून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कलशाला लुगडं नेसवून देवाला निघालंय.

टण, टण. गाडी निघाली.

मी डोळे फाडून बघत होते. वळण आलं की मामा हात दाखवत. सगळा हात, खांद्यापासून. आंधळ्या वळणावर हॉर्न. पुढचा ट्रॅक्टर ऊस सांडत चालला होता. त्याला ओलांडण्याआधी मामांनी इतका विचार केला की एका सायकलवाल्यानं आम्हा सगळ्यांना ओलांडलं.

"काय म्हणतीस?" सुजितनं विचारलं.

"अजून तालुका तरी बदलू दे."

पहिल्या गावच्या एसटी थांब्यापाशी मामांनी गाडी बाजूला घेतली आणि उभी केली.

"काय झालं? काय झालं? पंक्चर?"

काही झालं नव्हतं. थांबा होता म्हणून ते थांबले होते. शेडमधली एक म्हातारी पिशवी घेऊन उठलीसुद्धा. "वडगाव जाती का?" तिनं विचारलं. आत्यांनी पदराखालून सांगितलं, "जाती, पर जागा न्हाई," आणि टण, टण.

पुढच्या थांब्यावरही तेच. त्याच्या पुढच्याही. वडगावात तर त्यांनी क्रूझर सरळ स्टँडच्या आत घातली आणि फलाटाला लावली. कंट्रोल रूमच्या खिडकीतून एका साहेबानं डोकं बाहेर काढलं आणि मामांना ओळखून सलाम ठोकला. "कुठली गाडी, शामराव?"

"आष्टा-जोतिबा. जादा गाडी," मामा म्हणाले.

सुजित स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. मीही हसले असेन, पण बाहेर दाखवलं नाही. खरी अडचण वेगळीच झाली होती. मला मामांना नापास करायला जागा सापडत नव्हती. वेग नाही, कट मारणं नाही, मोबाइल नाही. मागची आत्यांची पाठ गादीला अशी टेकली होती की त्यांना झोप लागली असावी. मी मनातल्या मनात त्या टाकीवर मिहिकाला बसवून बघितलं. पुढून पट्टा, मागून मामांचे हात. बसली. पडली नाही. मी सोमवारी कुठली साडी नेसायची याचा विचार करायला लागले.

घाट सुरू व्हायच्या आधी चढाला एक वडाचं झाड आहे. तिथं चहाची टपरी, नारळ-गुलालाची दोन दुकानं आणि कुल्फीची एक हातगाडी उभी होती. मामांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच. एसटीतला माणूस, दोन मिनिटांसाठी इंजिन बंद करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आमची व्हॅन जरा मागं थांबली, कारण मिहिकाला नेमकी तेव्हाच शू लागली होती.

मी तिला घेऊन झुडपाच्या आडोशाला बसले होते, एवढ्यात घंटा ऐकू आली. टिंग, टिंग. आणि लगेच धडधड वाढत गेली.

मी मान वर केली. क्रूझर घाटाच्या पहिल्या वळणावर होती. मामांचा हात, खांद्यापासून, डावीकडं वळण दाखवत होता. मागची गादी मोकळी होती.

आणि आत्या कुल्फीच्या गाडीपाशी उभ्या होत्या. हेल्मेट, त्यावर पदर, हातात कुल्फी.

"थांबा!" मी ओरडले. "मामा! थांबा!"

"अवो, मी तर नुसती घंटा वाजीवली," कुल्फीवाला बावरून म्हणाला. तो चांगला पिकल्या मिशांचा माणूस होता. हातातली पितळी घंटा त्यानं पाठीमागं लपवली. "धंद्याची हाय. गिऱ्हाईक बोलवाया वाजीवतो. ते एकदम निगालंच की!"

पन्नास माणसं उतरली तरी ज्याच्या बुडाला फरक जाणवला नव्हता, त्याला एका आत्यांचं काय जाणवणार?

सुजित व्हॅनकडं धावला. "मी गाठतो त्यांना."

"गप बस हितं," आत्या म्हणाल्या. "गाठतोस कशाला? वर गेल्यावर कळंल, मग येतील. ह्यो बाबा कुल्फी बरी करतोय. खा."

त्या कुल्फीवाल्याच्या स्टुलावर बसल्या. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. मी मात्र पेटले होते. आनंद म्हणू नये, पण आनंदाच्या अगदी शेजारचं काहीतरी मला झालं होतं.

"बघितलंस?" मी सुजितला म्हटलं. "आज आत्या होत्या, उतरून उभ्या होत्या. उद्या मिहिका असेल. कुठं पाव विकणारा घंटी वाजवेल, कुठं शाळेची घंटा होईल, आणि मामा पोरगीला रस्त्यावर सोडून निघतील. आत्या, सांगा, मी चुकीचं बोलतेय का?"

"न्हाई."

"मग संपलं. मी उद्या कॉलेजला फोन करते. मी नोकरी करत नाही. त्या गाडीच्या भरवशावर मी माझी मुलगी टाकणार नाही."

"नकोच टाकू," आत्या म्हणाल्या. कुल्फीचा एक थेंब मनगटावर ओघळला होता, तो त्यांनी चाटला. "आन् माझ्याबी भरवशावर टाकू नको."

"म्हणजे?"

"म्हंजी मी चिमीला सांभाळणार न्हाई."

सुजितनं माझ्याकडं बघितलं, मी सुजितकडं. मिहिका कुल्फीसाठी आत्यांचा पदर ओढत होती. आत्यांनी तिला एक चाटण दिलं. मी 'आत्या, थंड आहे, घसा' असं म्हणणार होते, पण म्हणायचं राहून गेलं.

"पण आपलं ठरलं होतं," मी म्हटलं.

"तुमचं ठरलं हुतं. मला कुणी इचारलं? गाडी आल्यापासनं बघतीया, तू टाकीला इचारतीस, बिरेकला इचारतीस, सायलेन्सरला इचारतीस. मी तिथंच भाकरी थापत हुते."

"आई, अगं नातीला सांभाळायचं त्यात काय विचारायचं?" सुजित म्हणाला.

"व्हय? मग तूच सांभाळ की. तुला तरी कुठं कुणी इचारलंय?"

कुल्फीवाल्याला एकदम काम आठवलं आणि तो गाडीचं झाकण पुसायला लागला.

"आत्या, तुम्ही रागावलात मामांवर," मी म्हटलं. "साहजिक आहे. असं भर रस्त्यात सोडून गेले. ह्या वयात त्यांनी असली गाडी घ्यायलाच नको होती."

"त्येनी कुठं घेतलीया?" आत्या म्हणाल्या. "गाडी माझी हाय."

मला वाटलं, उन्हानं काहीतरी झालं. मी त्यांच्या कपाळाला हात लावणार होते.

"सांगलीला गेलो हुतो फंडाच्या कामाला. तिथं काचंच्या आत हुबी हुती. मी म्हटलं, मला ही पायजे. ते म्हणाले, येडी का काय? ते आपली बिनगेरची स्कुटी घ्यायला निगाले हुते, भाजी आणायला. मी म्हटलं, भाजी चालत आनीन मी. मला ही पायजे, मागं पाठ टेकाय गादी लावून. मी म्हातारी झालीया, ताठ बसून लांबचं जमायचं न्हाई."

"लांबचं म्हणजे कुठलं?"

आत्यांनी कुल्फी फिरवून दुसऱ्या बाजूनं चावली. मग म्हणाल्या, "हे नोकरीत हुते तवा रोज दुसऱ्या गावाला मुक्काम. येताना खायाला आणायचे. साताऱ्याचं कंदी पेढं. बेळगावचा कुंदा. सोलापूरची शेंगाची चटणी. नरसोबाच्या वाडीची बासुंदी तर डब्यातनं, बसमदी हिंदकळू नये म्हणून पायात धरून आणायचे. मी खायाची आन् पोरास्नी द्यायची. सगळी गावं मी खाल्ल्यात, रेवती. बघितली एकबी न्हाई."

"पण तुम्हाला तर पास होता. एसटीचा. फुकट."

"हुता की. डब्यात ठेवलावता. पोरं कुणी बघायची? म्हस कुणी बघायची? ह्याची आज्जी अंथरुणात, तिचं कुणी बघायचं? दर वर्षी नवा पास यायचा, मी जुना काडून नवा डब्यात ठेवायची."

"मग हे सांगितलं का नाहीस आई?" सुजितचा आवाज खाली आला होता. "गल्ली अण्णांना हसतीया. म्हातारचळ म्हणत्यात."

"त्येच नको म्हणाले. म्हणाले, मला म्हणू देत. ड्रायव्हरला काय, कोणबी काय म्हणतंय. बायकूला कशाला म्हणून घ्यायचं?"

कट्ट्यावर मामांनी डोलावलेली ती मान मला तेव्हा दिसली. पण विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण वरून धडधड ऐकू आली.

मामा घाट उतरून आले ते कसे आले हे मी सांगू नये, कारण त्यात हात दाखवणं नव्हतं, हॉर्न नव्हता, आणि शेवटच्या वळणाला गाडी गुलालाच्या दुकानाला घासून थांबली. मामांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी गाडी स्टँडवर लावली नाही. ती तशीच दुकानाच्या फळीला टेकवून ते खाली उतरले आणि आत्यांच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेवटी म्हणाले, "हाईस व्हय?"

"मग कुठं जाऊ?"

"घाटभर बोलतोय मी तुझ्यासंगं! पन्हाळा दावला तुला, तू हूं म्हणालीस!"

"मी कुल्फी खात हुते."

"मला वाटलं पडलीस. वर गेलो, म्हटलं उतर. बघतो तर... येताना परतेक वळणावर खाली दरीत बघत आलोय मी." त्यांनी गॉगल काढला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मग त्यांना एकदम राग आला. "बेल कुणी दिली? माझ्या गाडीला बेल कुणी दिली?"

कुल्फीवाला हातगाडीच्या पलीकडं वाकला होता. "पाव्हणं, कुल्फी घ्या. पैसं नकोत."

"कंडक्टर खाली आस्ताना बेल देतोस? एसटीत आसतास तर मेमो दिला आस्ता!"

"मी कुल्फीत हाय वो."

सुजितला हसू आवरेना, मला आवरत नव्हतं ते वेगळंच काहीतरी होतं. मामा खाली दगडावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली.

"रेवती, मी नापास. तुझं बरोबर हुतं. चिमीला ह्या गाडीवर न्हेणं न्हाई. मीबी बसत न्हाई. ही विकून टाकायची. सोमवारपासनं मी घरात, ही घरात. पोरगी आमी बघतो. तू कामाला जा, बिनघोर."

किल्ली माझ्या तळहातावर पडली. गरम होती.

मला जे पाहिजे होतं ते सगळं हातात होतं. मिहिका घरात, गाडी विकलेली, मी कॉलेजात. फक्त मूठ मिटायची होती. मी आत्यांकडं बघितलं. कुल्फी संपली होती. नुसती काडी त्या तोंडात धरून बसल्या होत्या आणि घाटाकडं बघत होत्या. वर, जिकडं त्यांच्याशिवाय गाडी जाऊन आली होती तिकडं.

मी उठले आणि किल्ली त्यांच्या मांडीवरच्या हेल्मेटात टाकली.

"मामा, गाडी तुमची नाही. तुम्ही कशी विकणार?" मी म्हटलं. "आणि ह्यापुढं बेल आली तरी एकदा मागं वळून बघायचं. आरसा दिलाय, त्यात बघायचं. तो दाढी करायला दिलेला नाही."

"बघंन," मामा लहान पोरासारखं म्हणाले.

"अगं पण मग मिहिकाला कोण..." सुजित म्हणाला.

मिहिकाचा फ्रॉक कुल्फीनं माखला होता. मी तिला उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "घराखाली दुकान आहे. दुकानात पंखा आहे. गिऱ्हाईक नसतं तेव्हा तू मोबाइलवर पत्ते खेळतोस. सोमवारपासून ही तुझ्याकडं."

"होय की," सुजित सवयीनं म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "काय?"

"हो म्हणालास," मी म्हटलं. "सगळ्यांनी ऐकलं."

"म्या ऐकलं," कुल्फीवाला हातगाडीमागून म्हणाला.

त्या दिवशी आम्ही जोतिबाला गेलो. गाडीवर गुलाल उधळला, मामांवर उधळला, आत्यांच्या हेल्मेटावर उधळला. घाटात मामांनी इतक्या वेळा मागं वळून बघितलं की आत्यांना ओरडावं लागलं, "फुडं बगा आता, न्हाईतर दोघंबी जाऊ!"

सोमवारी पहाटे ती दोघं नरसोबाच्या वाडीला गेली. बासुंदी तिथं बसून खायची म्हणून. मी इस्लामपूरची एसटी पकडली. निघताना सुजितला एक कागद दिला होता. दूध किती वाजता, झोप किती वाजता, काय गिळलं तर काय. त्यानं तो न वाचताच झेरॉक्स काढून ठेवला.

पहिला तास अकरावीचा होता. वर्गात मुलं गच्च भरलेली, मागच्या बाकावर दोघं आधीच झोपलेले. मी स्वतःचं नाव फळ्यावर लिहिलं, त्याखाली धड्याचं: 'द्रवांचे यांत्रिक गुणधर्म'. दाब म्हणजे काय, एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि पर्समध्ये फोन वाजला. बंद करायला काढला, तर सुजित. घाईघाईत बोट भलतीकडं लागलं आणि त्याचा आवाज सबंध वर्गात घुमला.

"रेवती! हिनं नाकात शेंगदाणा घातलाय! आत गेलाय! मी काढायला बोट घातलं तर अजून आत गेला! डॉक्टरकडं नेऊ? मरती का काय ही?"

मागचे दोघं जागे झाले.

जिथं मी ओरडायला पाहिजे होतं, तिथं माझा आवाज कसा काय शांत निघाला ते मला आजही माहीत नाही. मिहिका आता चौथीत आहे, तरी नाही.

"श्वास घेतीय?"

"तोंडानं घेतीय. रडतीय."

"मग ठीक आहे. बोट अजिबात घालू नको. तिला मांडीवर घे. मोकळी नाकपुडी बोटानं दाब. तिच्या तोंडाला तुझं तोंड घट्ट लाव आणि एकदा फुंक मार. जोरात नको, पण झटक्यात. नाही निघाला तर रिक्षा करून सरळ दवाखान्यात."

"मी? माझं तोंड?"

"बाप आहेस. लाव."

अख्खा वर्ग बाकांवरून पुढं वाकला होता. फोनमधून मिहिकाचं रडणं, मग अचानक शांतता, मग फुस्स असा एक आवाज, आणि लगेच सुजितची किंकाळी. "निघाला! शर्टावर आला! अगं, अख्खाच्या अख्खा निघाला!"

सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मी फोन बंद केला, पर्समध्ये ठेवला आणि फळ्याकडं वळले. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं हात वर केला. वही उघडी, पेन तयार.

"मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

"येणार," मी म्हटलं. "न सांगता."